संपादकाने लेखकाच्या वहीत कुठवर हात घालावा?

गोदाकाठची

मंडळी, मी २२ वर्षं नाशकात पुस्तकांचं संपादन करतेय. आधी नोकरीत होते, आता घरूनच करते, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत. परवा माळा आवरताना जुन्या प्रुफांचं एक बाड हाती आलं. त्यातल्या एका ओळीपाशी आले आणि आवरणं तसंच राहिलं. ती ओळ मी बिघडवली होती.

पुस्तक निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं, आत्मकथन. पुस्तकाचं आणि त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. ते सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. २०१४ च्या गारपिटीत घरची बाग गेली, तेव्हा नोकरी सोडून गावी परतले. वडिलांना ते पटलं नव्हतं. म्हातारा सहा महिने धड बोलला नाही. एप्रिलची खरड छाटणी झाली, पावसाळा सरला, ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी झाली. छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या गाठींना, पेस्ट लावतात, ती बापलेकांनी मिळून लावली, एकाने एक ओळ, दुसऱ्याने दुसरी. त्यापुढे वहीत एवढंच होतं:

"अकराव्या दिवशी डोळे फुटले आणि बापाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं."

मला वाटलं, शहरातला वाचक 'डोळे फुटले' वाचून दचकेल, भलताच अर्थ काढेल. मी 'डोळे' खोडून 'कोंब' केलं. समासात प्रश्नचिन्हही काढलं नाही. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या करता करता तीही करून टाकली. लेखकाने दुसरं प्रूफ पाहिलं होतं, पण कारखान्यात सुपरवायझरपुढे मान खाली घालायची सवय लागलेला माणूस, संपादकाने केलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालला. पुस्तक छापून आलं. प्रकाशनानंतर चारेक महिन्यांनी त्यांचा फोन आला, तोही दुसऱ्याच कामासाठी. ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, एक सांगू का? द्राक्षाला कोंब नाही फुटत. डोळा फुटतो."

मी काय केलं होतं ते तेव्हा मला कळलं. त्या वाक्यात डोळे दोन होते, एक काडीवरचा आणि एक बापाचा. लेखकाने ते जाणून लिहिलं की सहज उतरलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण ते तिथे होतं आणि मी ते पुसलं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग संपादक हवाच कशाला, लेखकाचं जसंच्या तसं छापा. ते मला अजिबात मान्य नाही. याच पुस्तकाची सुरुवात घराण्याच्या वंशावळीने होती. आजोबा, पणजोबा, गावात कधी आले, कुणाची किती जमीन, अशी अकरा पानं. गारपिटीची रात्र होती पान ३१ वर. गारा थांबल्यावर वडील बॅटरी घेऊन बाहेर पडतात, आधी विहिरीवरची मोटार झाकतात आणि मगच बागेकडे वळतात. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही ही गोष्ट पारावर सांगायला बसलात तर पणजोबांपासून सुरू कराल का?" ते हसले. पुढच्या आठवड्यात वही आली ती गारपिटीपासून. वंशावळ दीड पानात, तीही वडिलांच्या तोंडी. तो बदल त्यांनी स्वतः केला, मी फक्त विचारलं. 'कोंब' मात्र मी न विचारता केला.

सांगायचं ते हेच. संपादकाने खूप ढवळाढवळ केली की थोडी, यापेक्षा विचारून केली की परस्पर, याला जास्त महत्त्व आहे. लेखक, मुद्रितशोधक, अक्षरजुळणी करणारे, वाचक, तुमचे अनुभव सांगा.

---

लाल_पेन

ताई, प्रामाणिक लिहिलंत, पण थोडा विरोध नोंदवतो. पुस्तक फक्त निफाडकरांसाठी नसतं. सावंतवाडीचा वाचक 'डोळे फुटले' वाचून अडखळणारच. मुद्रितशोधनाला नियम नकोत का? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, ते पाळले नाहीत तर प्रत्येक पुस्तकाची मराठी वेगळी होईल. माझ्याकडे येणाऱ्या संहितांमध्ये 'माझी बोली' या नावाखाली निव्वळ निष्काळजीपणा असतो. एकाच पानावर 'पाणी' आणि 'पानी'.

---

गोदाकाठची

लाल_पेन, निष्काळजीपणाबद्दल सहमत. पण नियमांचंच बघा. १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये भर पडलेले ४, सगळे लेखनाचे आहेत, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूपं. कोणता शब्द वापरावा हे त्यात कुठे आहे? उलट पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायची आणि वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक त्याच नियमांनी दिलेली आहे. 'डोळे' शुद्धच होतं. मी शुद्धलेखन केलं नाही, शब्द बदलला, आणि शुद्धलेखनाच्या आडोशाला लपले.

'पाणी' आणि 'पानी'चं म्हणाल, तर मी लेखकाला एक पान वाचून दाखवायला सांगते. निवेदन करतानाही तो 'पानी' म्हणत असेल तर पुस्तकभर 'पानी'. फक्त आई बोलते तेव्हा 'पानी' असेल तर आईपुरतं. तसा तक्ता करून अक्षरजुळणीवाल्यालाही देते. बोलीलाही शिस्त असते, ती लेखकाच्या कानात असते, आपण ती कागदावर नोंदवून ठेवायची.

आणि सावंतवाडीच्या वाचकाची चिंता करू नका. दोन ओळी वर 'काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावली' असं लिहिलेलंच होतं. वाचक हुशार असतो, मीच घाबरले.

---

पिंपळगावकर

आम्ही बागायतदार माणसं, ह्या धाग्यावर बोलावं का नाही कळंना, पण राहवत नाही. ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. आमच्यात 'घड जिरला' म्हणतात. छाटणीनंतर ढगाळ हवा राहिली, पाऊस लागला, की काडीत तयार झालेला घड बाहेर येतो आणि बारीक होत होत त्याची बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तंतू, होते. कृषीच्या एका पुस्तिकेत कुणी तरी 'घड विरले' छापलं होतं. विरतं ते कापड. घड जिरतो म्हणजे तो वेलीतच परत जातो. एवढा फरक आहे. ज्याचं वर्ष गेलंय त्याला विचारा.

त्या बाप-लेकाची ओळ वाचून जीव गलबलला. आमच्या बापाचंही असंच होतं.

---

खिळेजुळारी

माझे वडील पंचवटीत ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या जुन्या यंत्रावर, छपाई करायचे. लहानपणी मी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, केसमध्ये (त्यांच्या खणांच्या पेटीत) परत टाकायचं काम करायचो. हात काळे व्हायचे, पण प्रत्येक अक्षर बोटाखालून जायचं. आता ३० वर्षं संगणकावर अक्षरजुळणी करतोय. संपादक आणि लेखक भांडतात, पण बऱ्याच चुका त्या दोघांच्याही नसतात, आमच्या टेबलावर होतात. दोन-तीन सांगतो, म्हणजे प्रूफ वाचताना कुठे बघायचं ते कळेल.

पहिलं फॉन्टचं. लेखक युनिकोडमध्ये पाठवतो, काही छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. मजकूर इकडून तिकडे नेताना रफार सरकतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, 'सुऱ्या', 'दऱ्या'तला अर्धा र कधी रफार होतो, कधी नाहीसाच होतो. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावली नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात. म्हणून रूपांतर केलेल्या मजकुराचं पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ताडून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. एकट्याने वाचलं तर डोळा अर्थ पुरवतो आणि चूक निसटते.

दुसरं, 'सगळीकडे बदला' हे बटण. एका संहितेत लेखकाने 'की'च्या जागी 'कि' लिहिलं होतं. माझ्याकडच्या नव्या पोराने एका झटक्यात सगळे 'कि' बदलून 'की' केले. 'किती'चं झालं 'कीती', 'किनारा'चं 'कीनारा', 'किमान'चं 'कीमान'. २०० पानं. दोन रात्री बसून सरळ केलं. तेव्हापासून माझ्याकडे ते बटण मलाच विचारून दाबायचं, असा नियम आहे.

तिसरं, शेवटच्या प्रुफात लेखकाने घातलेला नवा परिच्छेद. लेखकमंडळी, हात जोडून सांगतो, पानं लागल्यावर परिच्छेद वाढवू नका. एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते, आणि फर्म्याचं गणित बिघडतं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. १६ पानांचा फर्मा, १० फर्मे म्हणजे १६० पानं. तुमचं पुस्तक १६३ वर गेलं की उरलेल्या तीन पानांसाठी वेगळा कागद, वेगळा खर्च.

---

गोदाकाठची

खिळेजुळारी दादा, तिसरा मुद्दा छापून प्रत्येक लेखकाला पहिल्याच भेटीत द्यायला हवा.

फर्म्याबद्दल माझ्या बाजूचं सांगते. १६३ पानं झाली की प्रकाशक मला म्हणतो, 'तीन पानं कमी करा.' आधी मी मजकुराबाहेर शोधते. अर्धशीर्षकाचं पान, कोरी पानं, प्रकरण उजव्याच पानावर सुरू करायचा हट्ट, लांबलचक ऋणनिर्देश. तिथे बहुधा सुटतं. मजकूर कापायची वेळ आलीच तर लेखकाला खरं कारण सांगते: पानं बसत नाहीत. 'हा भाग कमजोर आहे' असं खोटं सांगून कापलेला परिच्छेद लेखक जन्मभर कमजोर समजत राहतो. तसं झालेलं मी जवळून पाहिलंय.

---

नवी_लेखिका

हे सगळं वाचून रडू आलं, कारण माझ्या पुस्तकाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मी इंदिरानगरला राहते. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशनाकडे (नाव नको) पैसे भरून कथासंग्रह काढला. पॅकेज होतं: संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), प्रकाशन समारंभ. आयएसबीएनचे वेगळे पैसे लावले. संपादन म्हणजे फाइल परत आली तेव्हा दोन कथांची नावं बदललेली होती आणि बाकी माझ्या चुका जशाच्या तशा. एका कथेत नायिकेचं नाव मधेच बदललंय, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. ३०० प्रतींतल्या २४० अजून दिवाणात आहेत. घरचे काही बोलत नाहीत, पण गादी उचलली की दिसतात.

माझ्या कथा वाईट होत्या का, हेही मला कुणी सांगितलं नाही.

---

गोदाकाठची

अगं, तुझं शेवटचं वाक्य वाचून जास्त वाईट वाटलं. पैशांपेक्षा तेच नुकसान मोठं आहे. कुणीतरी तुझ्या कथा नीट वाचून 'ही चालेल, ही अजून पिकलेली नाही' असं सांगायला हवं होतं.

आधी व्यवहाराचं. भारतात आयएसबीएनला शुल्क नाही. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन असतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. अर्ज भरून देण्याच्या मेहनतीचे पैसे कुणी घेतले तर तसं सांगून घ्यावेत, क्रमांकाची किंमत म्हणून नाही.

पैसे भरून पुस्तक काढण्याला मी नावं ठेवत नाही. मराठीत कवितासंग्रह अनेकदा असेच निघतात. पण पुढच्या वेळी पैसे देण्याआधी म्हण, 'माझ्या एका कथेच्या पाच पानांचं संपादन करून दाखवा.' पानं परत आल्यावर समासात प्रश्न आहेत का बघ. 'ही इथे का रडते?', 'सासू आधी पुण्यात होती ना?', 'हे वाक्य कोण बोलतंय?' असे प्रश्न असतील तर त्या माणसाने वाचलंय. नुसते ऱ्हस्व-दीर्घ असतील तर तो मुद्रितशोधक आहे. तेही काम मोलाचं, पण त्याला संपादनाचे पैसे द्यायचे नाहीत.

आणि नायिकेचं नाव बदलतं ती कथा मला पाठव. पैशाचा विषय नको.

---

कलम_५७

वकिली करतो, म्हणून मोजकं आणि उपयोगाचं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते हक्क सुटतात. रॉयल्टीचा आकडा करारात लिहिलेला असावा. 'नंतर बघू' याचं पुढे भांडण होतं.

कलम ५७ या धाग्याशी थेट जोडलेलं आहे. सगळे हक्क विकले तरी लेखकाचे दोन हक्क राहतात: लेखक म्हणून स्वतःचं नाव सांगण्याचा, आणि आपल्या लेखनाची अशी मोडतोड ज्याने त्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल, ती रोखण्याचा. 'डोळे'चं 'कोंब' केलं म्हणून कुणी कोर्टात जाणार नाही, पण कथेचा शेवट परस्पर बदलला तर जाऊ शकतो. संपादकाने प्रत्येक बदलाला लेखकाचा लेखी होकार ठेवावा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'हो' सुद्धा जपून ठेवावा.

---

लाल_पेन

वकीलसाहेबांचं पटलं. ताईंचा आधीचा प्रतिसाद परत वाचला. निवेदनाची बोली आणि पात्राची बोली वेगळी तपासायची, हे मी करत नव्हतो. सध्या टेबलावर येवल्याकडच्या एका शिक्षकांची संहिता आहे, पहिल्या ४० पानांत मी बरेच शब्द सरळ केलेत. उद्या ते सगळे बदल पेन्सिलीने प्रश्न म्हणून पुन्हा मांडतो आणि त्यांना फोन करतो.

---

जुना_वाचक

संपादक म्हटलं की आमच्या पिढीला श्री. पु. भागवत आठवतात. त्यांचं 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं, तरी श्रीपु लेखकाशी कसं बोलत, संहिता कशी परत परत मागवत, याच्या आठवणी अजून निघतात. पण नाशिककर म्हणून मला दुसरंच उदाहरण जवळचं वाटतं. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा कवितासंग्रह १९४२ साली आला तो वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढला म्हणून. स्वतः नावाजलेला कादंबरीकार, त्याने एका तरुणाच्या कवितांसाठी खिशात हात घातला, वर प्रस्तावना लिहिली. खांडेकरांनी त्या कविता स्वतःसारख्या करून घेतल्या असत्या तर? त्यांची स्वतःची भाषा किती वेगळी, अलंकारांची! तरी कविता कुसुमाग्रजांच्याच राहिल्या. टिळकवाडीतल्या कुसुमाग्रजांच्या घरावरून जाताना मला हे दरवेळी आठवतं.

---

गोदाकाठची

जुना_वाचक काका, हे उदाहरण मला सुचायला हवं होतं. स्वतःची भाषा बाजूला ठेवता येणं, हेच सगळ्यात कठीण. मी लिहिते तेव्हा मला छोटी वाक्यं आवडतात. मग दुसऱ्याची लांब, श्वास लागेपर्यंत चालणारी वाक्यं दिसली की हात शिवशिवतो. हल्ली तोडण्याआधी ते वाक्य मोठ्याने वाचते. मोठ्याने वाचताना ते उभं राहत असेल तर तोडत नाही. शेजारच्या काकूंना वाटतं मी फोनवर भांडतेय.

---

पिंपळगावकर

ताई, दुसरी आवृत्ती निघाली का त्या पुस्तकाची? निघाली असंल तर दुरुस्त झालं का?

---

गोदाकाठची

हो भाऊ, तीन वर्षांनी ५०० प्रतींची दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशक म्हणाले, जुन्याच प्लेटवर छापू, खर्च वाचेल. मी म्हटलं, त्या एका फर्म्याची नवी प्लेट माझ्या मानधनातून करा. त्यांनी पैसे कापले नाहीत, प्लेट मात्र नवी केली. पहिली प्रत घेऊन मी एसटीने गेले. बाग काढणीला आली होती. लेखकाने ते पान उघडून वडिलांना वाचून दाखवलं. म्हातारे ऐकून उठले आणि आत जाऊन माझ्यासाठी द्राक्षांची पेटी भरायला लागले. त्या ओळीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

---

वाचनालयातला

मी निफाड तालुक्यातल्या एका 'क' वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. तुम्ही नाव दिलं नाहीत, पण आमच्या भागातलं गारपिटीवरचं पुस्तक म्हटल्यावर मी ओळखलं. आमच्याकडे पहिल्या आवृत्तीची प्रत आहे, फार फिरलेली, शिवण दोनदा घातलीय. वाचकांनी पुस्तकात लिहू नये अशी पाटी मीच लावलीय. पण ग्रंथपालाने दुरुस्ती केली तर चालेल असं मला वाटतं. पान नंबर सांगता का?

---

गोदाकाठची

पान ११८, खालून सहावी ओळ. 'कोंब' आडवी रेघ मारून खोडा आणि वर 'डोळे' लिहा. पेनने लिहा, पेन्सिल नको.